प्लग हुंगणाऱ्या गालिनाबाई

गालिनाबाई जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरल्या, की किंमत विचारायच्या आधी प्लग हुंगायच्या. दुकानदार कंपनी सांगतोय, गॅरंटी सांगतोय, "मॅडम, एकदम नव्यासारखा" म्हणतोय, आणि ही साठी उलटलेली, दारातून वाकून आत येणारी उंच गोरी बाई चष्मा कपाळावर चढवून प्लगच्या पिना नाकाशी धरून उभी. जळका वास आला की प्लग हळूच खाली ठेवून म्हणायच्या, "जनाब, ये बीमार है." वास आला नाही तर पुढची परीक्षा. वस्तू चालू करायची, डोळे मिटायचे आणि कान लावून ऐकत राहायचं. धुळ्याच्या आग्रा रोडच्या मागच्या गल्लीतले दुकानदार पुढे पुढे त्यांना लांबून पाहिलं की फडक्याने प्लग पुसायला लागत.

हे 'जनाब' प्रकरण त्यांच्या हिंदीतलं. त्यांच्या तरुणपणी रशियातल्या थिएटरला हिंदी सिनेमे लागायचे आणि त्यांची सगळी हिंदी तिथूनच आलेली. त्यामुळे रिक्षावाल्याला त्या 'हुजूर' म्हणायच्या, आणि भाजीवालीने कोथिंबीर कमी दिली तर 'ये जुल्म है' असं अगदी शांतपणे सांगायच्या. भाजीवाली बिचारी मुकाट्याने आणखी चार काड्या टाकायची.

आता रशियातली मास्तरीणबाई धुळ्यात कशी, तर आमच्या देवपूर भागात पोरांना डॉक्टरकी शिकायला रशियाला पाठवणारा एक क्लास निघाला होता. जाण्याआधी पोरांना तिकडची भाषा थोडीफार यावी म्हणून क्लासवाल्यांनी तिथल्याच एका निवृत्त शिक्षिकेला बोलावलं. आमची वरची खोली तेव्हा रिकामी होती. गालिनाबाई आल्या त्या मे महिन्यात. बर्फातून निघालेलं माणूस पांझरेच्या काठी मे महिन्यात उतरलं म्हणजे काय होतं, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पहिले दोन दिवस त्या मोरीतच बसून होत्या. तिसऱ्या दिवशी ओले केस तसेच बांधून खाली आल्या आणि म्हणाल्या, "ठंडी हवा की मशीन चाहिए. सस्ती. लेकिन सच्ची."

खाली माझ्या सासूबाई दाण्याचं कूट करत बसल्या होत्या. त्यांना सगळे अक्का म्हणतात, मीही. शिरपूरकडच्या खेड्यातून लग्न होऊन धुळ्यात आल्याला अर्धशतक उलटलं, तरी अक्कांनी अहिराणी सोडली नाही. समोर कलेक्टर असो की रशियन बाई, अक्कांची भाषा एकच. त्या उठल्या, चप्पल घातली आणि म्हणाल्या, "चाल मन्हासंगे. एकली जाशी ते ठगाडतीन तुले."

त्या दिवशी दोघी पत्र्याचा एक जुना कूलर घेऊन आल्या आणि येताना ओळखही करून आल्या. आपलं पूर्ण नाव गालिना पेत्रोव्हना, म्हणजे पेत्रची मुलगी गालिना, आणि मान द्यायचा असेल तर तिकडे बापाच्या नावासकट हाक मारतात, हे गालिनाबाईंनी वाटेत समजावलं. अक्कांना त्यात काही नवल वाटलं नाही. "आमनामा बी मधमा बापनंच नाव ऱ्हास," त्या म्हणाल्या. मग गालिनाबाईंनी त्यांच्या बापाचं नाव विचारलं. सुकदेव. तेव्हापासून अक्का झाल्या 'अक्का सुकदेवोव्हना'. अक्कांच्या नावामधून बापाचं नाव लग्नात गेलं होतं आणि तिथे नवऱ्याचं आलं होतं, जसं आपल्याकडे सगळ्या बायकांचं होतं. इतक्या वर्षांनी कुणीतरी भर अंगणात त्यांना बापाच्या नावाने हाक मारत होतं. अक्का वरवर "काय बी सांगस हाई बाई" म्हणायच्या, पण हाक एकदा आली तरी ऐकू न आल्यासारखं करायच्या, म्हणजे ती पुन्हा यावी.

कूलर घरात आला तशी अक्कांनी त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि नारळ फोडला. गालिनाबाई गोंधळल्या. "लेकिन ये तो पुराना है."

"तुन्हा घरमा ते नवाच शे ना," अक्का म्हणाल्या.

हे गालिनाबाईंना इतकं पटलं, की नंतर आलेल्या फ्रीजला, मिक्सरला, इस्त्रीला, सगळ्यांना कुंकू लागलं. सेलवर चालणाऱ्या टॉर्चलाही लागलं. नारळाचे तुकडे त्या स्वतः गल्लीत वाटत फिरायच्या आणि कोणी विचारलं तर "इस्त्री हुई है" असं लेक झाल्यासारखं सांगायच्या.

वस्तू घेण्याचं त्यांचं एक शास्त्र होतं. परक्या गावात किती दिवस राहायचं हे माहीत नसेल, तर वस्तू नवी घ्यायची नाही आणि वाईटही घ्यायची नाही, असं त्या म्हणत. चांगली वस्तू कोणाकडे मिळते? ज्याला गाव सोडायचंय त्याच्याकडे. "जो नया लेने के लिए बेचता है, वो बिगड़ा हुआ बेचता है. जो जाने के लिए बेचता है, वो रोते हुए बेचता है. रोनेवाले से लेना." त्यामुळे गावात कुणाची बदली झाली याची बातमी त्यांना आमच्या आधी असायची. साक्री रोडवरच्या एका अधिकाऱ्याची बदली झाली तेव्हा त्याच्या बायकोकडून त्यांनी मोठा टीव्ही आणला. ती बाई खरंच रडली. गालिनाबाई तिच्याबरोबर थोडं रडल्या, मग प्लग हुंगला, आणि भाव मात्र एका रुपयानेही वाढवला नाही.

टीव्ही आला आणि आमच्या माडीवर रशियन सिनेमे सुरू झाले. पेनड्राइव्हमध्ये त्यांनी कितीतरी सिनेमे भरून आणले होते. बहुतेक सगळ्यांत बर्फ, एक आगगाडी, आणि खिडकीतून बाहेर बघत बसलेलं एखादं माणूस. पहिल्यांदा अक्का नुसत्या चहा द्यायला म्हणून वर गेल्या, त्या सिनेमा संपल्यावरच खाली आल्या. दुसऱ्या वेळी समोरच्या शोभाताईंना घेऊन गेल्या. शोभाताई म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. रविवारी विहारातून परस्पर आमच्याकडे यायच्या, कडक इस्त्रीची पांढरी साडी, आणि बोलणं इंजेक्शनसारखं. मी शाळेत शिकवते; मला शाळेतून आल्यावर वर बोलावणं यायचं.

खाली इंग्रजीत येणारी बारीक अक्षरं मी वाचून सांगायची, असं ठरलं होतं. पण अक्कांना धीर नसे. त्या स्वतःच गोष्ट लावायच्या आणि पडद्यावरच्या माणसांशी थेट बोलायच्या. "अरे, तठे नको जाऊ, बरफ शे." "हाई बाई बोलत काबर नही? घरमा सासू व्हई." गालिनाबाईंनी कधी त्यांना गप्प केलं नाही. एकदा एका सिनेमात एक माणूस लांबच्या प्रवासाला निघतो आणि दारातली बाई घाईघाईने त्याच्या झोळीत पाव कोंबते. अक्का म्हणाल्या, "हाई त्यान्ही बायको नही. बहीण शे. बायको रडती, बहीण भाकर बांधस."

मी अक्षरं वाचली होती. ती बायकोच होती. पण गालिनाबाईंनी सिनेमा थांबवला आणि त्या बाईकडे बराच वेळ बघत राहिल्या. "बायको शे, अक्का सुकदेवोव्हना," त्या म्हणाल्या. तोपर्यंत त्यांना अक्कांचं 'शे' म्हणजे आहे आणि 'बठ्ठा' म्हणजे सगळा, एवढं चांगलं जमायला लागलं होतं. "लेकिन अब मुझे भी बहन लगती है." त्यानंतर उरलेला सिनेमा आम्ही तिला बहीण धरून पाहिला, आणि खरं सांगते, तो जास्त चांगला वाटला.

हे सगळं हसतखेळत चाललं होतं, तरी गालिनाबाईंचं दुकानांमधलं हिंडणं थांबत नव्हतं. घरात सगळं आलं होतं. तरी प्रत्येक दुकानात शेवटी एक प्रश्न ठरलेला, "व्हीसीआर है?" दुकानदार हसायचे. मीही एकदा हसले आणि विचारलं, की आता त्याचं काय काम. तेव्हा त्यांनी कपाटातून एक लोकरी पायमोजा काढला. त्या पायमोज्यात एक व्हिडिओ कॅसेट होती.

त्यांची आई त्यांच्या गावच्या पोस्टात कारकून होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे एका छोट्या स्टुडिओने सिनेमाचं शूटिंग केलं, तेव्हा पोस्टाच्या खिडकीत खऱ्या कारकुनालाच बसवलं. एकच वाक्य दिलं. पुढे गालिनाबाई सहा वर्षांच्या असताना आई गेली. चेहऱ्याचे फोटो होते, पण आवाज आठवत नव्हता. तो फक्त त्या सिनेमात होता. सिनेमा काही गाजला नाही, कुठे मिळत नव्हता, इंटरनेटवरही नाही. एकदा टीव्हीवर लागला तेव्हा त्यांच्या नवऱ्याने तो या कॅसेटवर उतरवून घेतला. मग मशीन बिघडलं, नवरा गेला, आणि कॅसेट पायमोज्यात राहिली. तिकडे एक दुकानदार म्हणाला होता, की ठेवून जा, मोठ्या शहरात पाठवून नवी करून आणतो. त्यांना तिला हाताबाहेर जाऊ द्यायचं नव्हतं.

"टेप बूढ़ी है," त्या म्हणाल्या. "एक बार चलेगी. शायद एक बार." आणि इथे आल्यावर मशीन मिळेल असं का वाटलं, तर म्हणाल्या, "तुम लोग कुछ फेंकते नहीं. ऊपर रख देते हो."

माळ्याबद्दलचं हे निरीक्षण इतकं बरोबर होतं की मला जळगावचे अरुणभाऊ आठवले. जळगाव माझं माहेर. तिथे माझ्या लग्नाची व्हिडिओ शूटिंग अरुणभाऊंनी केली होती. आता त्यांचा मुलगा ड्रोन उडवतो, पण बापाची मशीनं घरात असणार याबद्दल मला शंका नव्हती. एका रविवारी मी, गालिनाबाई आणि अक्का पारोळ्यावरून एसटीने जळगावला गेलो. हिवाळा होता. अरुणभाऊंच्या अंगणात कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजली जात होती. आम्हाला आधी जेवायला बसवलं, कारण पाहुण्याने आल्या आल्या कामाचं बोलणं त्यांना आवडत नसे. गालिनाबाईंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत खाल्लं, हिरव्या मिरचीने त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं, तरी त्यांनी पुन्हा वाढून घेतलं.

व्हीसीआर माळ्यावर होता, चादरीत गुंडाळलेला. पण अरुणभाऊ म्हणाले, "ताई, हा विकायचा नाही. याच्यावर मी घर बांधलं."

गालिनाबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. सवयीने प्लग उचलला, हुंगला, आणि मशीनला कान लावला, ते बंद असतानाच. "बीमार नहीं है," त्या म्हणाल्या. "सोया है." मग त्यांनी पायमोजा काढून अरुणभाऊंना आईची गोष्ट सांगितली, सिनेमातल्या त्या हिंदीत. अरुणभाऊंनी सगळी ऐकून घेतली. "विकणार नाही म्हणालो," ते म्हणाले. "घेऊन जा म्हणायला मला कुणी अडवलंय? काम झालं की परत आणून द्या. फक्त आधी दुसरी एखादी चांगली कॅसेट लावून बघा. एकदम आईची लावू नका."

दुसरी कॅसेट आमच्या घरात एकच होती. माझ्या लग्नाची.

पुढच्या रविवारी दुपारी पडदे ओढून आम्ही वर बसलो. व्हीसीआरला अर्थातच कुंकू लागलं होतं. अक्कांनी डब्यात घालून ठेवलेली लग्नाची कॅसेट माळ्यावर किती पावसाळे पडून होती देव जाणे, पण ती चालली. बदामाच्या आकारात माझं तोंड आलं, मग ह्यांचं आलं, बँड आला. शोभाताई माझ्या तेव्हाच्या केसांवर काही बोलल्या, ते मी इथे लिहीत नाही. आणि मग मांडवाच्या कोपऱ्यात आबा दिसले, माझे सासरे. खांद्यावर टॉवेल, हातवारे करून आचाऱ्याला काहीतरी सांगताहेत. आबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

अक्का पुढे सरकल्या. "काय सांगी ऱ्हायनात ते?"

काय सांगत होते कुणास ठाऊक. अरुणभाऊंनी सगळ्या कॅसेटभर सिनेमाची गाणी टाकली होती. तशी तेव्हा पद्धतच होती. आबांचं तोंड हलत होतं आणि मागे एक बाई प्रेमगीत गात होती.

"हाई गाणं काढ ना," अक्का मला म्हणाल्या. "माले त्यासना आवाज आयकना शे."

मी म्हटलं, "अक्का, ते निघत नाही." अक्कांना ते पटेना. कदाचित पहिल्या वेळी गाण्याच्या आड काही सुटलं असेल, म्हणून त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. गालिनाबाईंनी स्वतः कॅसेट मागे घेऊन दिली, न कंटाळता, अक्का म्हणतील तितक्या वेळा. आबा आचाऱ्याला सांगत राहिले आणि ती बाई गात राहिली. शेवटी पडद्यावर पांढरी खरखर आली, आबा त्यात गेले, आणि मशीन गुरगुरायला लागलं.

आमच्या जुन्या कॅसेटची बुरशी मशीनच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, बसली होती. अरुणभाऊंनी चांगली कॅसेट लावा असं सांगितलं होतं, आणि आम्ही घरात होती ती लावून, वर तीच तीच फिरवून बसलो होतो. गालिनाबाई पायमोजा मांडीवर धरून खुर्चीत बसल्या. अक्कांचा चेहरा उतरला. "मन्हा पायरे हुयनं हाई," त्या म्हणाल्या, सगळा दोष स्वतःकडे घेत.

"रडायचं नंतर," शोभाताई म्हणाल्या आणि उठून घरी गेल्या. आल्या त्या स्पिरिटची बाटली, कापूस आणि चष्मा घेऊन. अरुणभाऊंना फोन लावून मी मोबाइल शोभाताईंच्या कानाशी धरला आणि ते सांगतील तसं त्यांनी झाकण काढून हेड पुसलं, जखम धुवावी तितक्या हलक्या हाताने. कापूस काळा निघाला. पुन्हा दुसरा घेतला. तो पांढरा निघेपर्यंत त्यांनी कुणाला मशीनजवळ येऊ दिलं नाही.

आता पुन्हा परीक्षेला लावायला दुसरी कॅसेट नव्हती. मशीनने टेप खाल्ली तर आईचा आवाज कायमचा जाणार होता. गालिनाबाईंनी कॅसेट बाहेर काढली, परत पायमोज्यात घातली, पुन्हा काढली.

अक्का त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. "टाक व माय," त्या म्हणाल्या. "मी बी डबामाच ठेयेल व्हती. काय हातमा उनं?"

गालिनाबाईंनी कॅसेट आत सारली. मी मोबाइलवर टीव्ही रेकॉर्ड करायला सुरुवात केली. चित्र थरथरत आलं. काळं-पांढरं गाव, चिखल, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका. गालिनाबाई हलक्या आवाजात सांगत होत्या. या बायका रोज पोस्टात येतात, लढाईवर गेलेल्यांची पत्रं आली का विचारायला. आता खिडकी येईल. खिडकीत आई. ती म्हणते, आज काही नाही, उद्या या. एवढंच म्हणते.

खिडकी आली. आतली बाई गालिनाबाईंहून पुष्कळ तरुण होती, आणि कपाळ तेच होतं. तिने रांगेतल्या म्हातारीकडे पाहिलं आणि ती बोलली. आवाज थोडा घोगरा होता, सर्दी झाल्यासारखा. आणि अक्का, नेहमीसारख्याच, पडद्याला म्हणाल्या, "येसूत व माय, येसूत." येऊ गं माय, येऊ.

त्यानंतर दोन मिनिटांत टेप तुटली. गालिनाबाईंनी ती मशीनमधून अलगद सोडवून घेतली. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या, आणि शोभाताई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. माझ्या मोबाइलमध्ये सगळं आलं होतं.

ते ऐकल्यावर मला मात्र वाईट वाटलं. अख्ख्या जगात त्या बाईच्या आवाजाची एकच प्रत, आणि तिच्या वाक्याला चिकटून आमच्या अक्का. व्हीसीआर परत द्यायला गेलो तेव्हा मी अरुणभाऊंना विचारलं. ते म्हणाले, आता पूर्वीसारखं नाही, मुलगा कॉम्प्युटरवर अक्कांचा आवाज साफ काढून देईल, मागमूसही राहणार नाही. मी गालिनाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला.

"नहीं, जनाब," त्या म्हणाल्या. "माँ ने सबको कहा, कल आना. इतने साल में किसी ने जवाब नहीं दिया था."

पुढच्या वर्षी तिकडच्या नव्या लढाईच्या बातम्यांनी पालक बिचकले, पोरं कमी झाली आणि क्लास बंद पडला. गालिनाबाई निघाल्या. कूलर, फ्रीज, टीव्ही, सगळं त्यांनी वाटून टाकलं. एकही वस्तू विकली नाही. ते रेकॉर्डिंग मी केव्हाच त्यांच्या मोबाइलवर टाकून दिलं होतं. धुळ्याच्या स्टँडवर मुंबईच्या गाडीत खिडकीजवळ बसल्या तेव्हा त्यांच्याजवळ एक बॅग होती आणि कानाशी मोबाइल. खाली आम्ही उभे, फलाटावर गाड्यांचा गोंगाट, कंडक्टर ओरडतोय. अक्का रुसल्या होत्या. "जावानी येळले बी फोनच आयकी ऱ्हायनी," त्या मला म्हणाल्या.

गालिनाबाईंनी काच सरकवली, लांब हात बाहेर काढला आणि तो मोबाइल अक्कांच्या कानाला लावला. ड्रायव्हरने गाडी सुरू केली होती. मला खाली काही ऐकू येत नव्हतं, फक्त अक्कांचा चेहरा दिसत होता. त्यांनी पदर कानामागे सारला, डोळे बारीक केले, आणि मोबाइलमधल्या अक्का उत्तर देतील त्याच्या आधीच, भर स्टँडवर, मोठ्याने म्हणाल्या, "येसूत व माय, येसूत."